कुईं केलं म्हणून बाद?

(वाचकांचे प्रश्न, श्वानपान)

मागच्या अंकात गनडॉगच्या वर्किंग टेस्टबद्दल चार ओळी काय लिहिल्या, एवढे प्रश्न आले की सगळे घेणं शक्यच नाही. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात. गनडॉग म्हणजे बंदुकीच्या शिकारीत पक्षी शोधायला, उडवायला आणि पडलेला उचलून आणायला तयार केलेल्या जाती. आपले लॅब्रॅडोर, गोल्डन, कॉकर हे सगळे त्यातलेच. वर्किंग टेस्ट म्हणजे एकही पक्षी न मारता, कॅनव्हासच्या डमी (पक्ष्याऐवजी उचलायच्या भरीव गुंडाळ्या) वापरून त्याच कामाची स्पर्धा. ब्रिटनमध्ये गावोगावचे क्लब त्या भरवतात.

प्रश्न: ताई, मी कोथरूडची, वय 68. मुलगी इंग्लंडला असते, उन्हाळ्यात तिच्याकडे गेले होते तर ती आम्हाला एका गनडॉग क्लबच्या टेस्टला घेऊन गेली. मला वाटलं कुत्री धावतील, उड्या मारतील, बघायला मजा येईल. कसलं काय, सगळे लॅब आपापल्या मालकाच्या पायाशी बसलेले! मध्येच कुठेतरी फट् करून आवाज, काहीतरी उडून पडतं, आणि ही मंडळी ढिम्म. शेवटी एकाचा नंबर आता येणार तर त्याने बसल्या बसल्या कुईं कुईं केलं आणि जजने त्याला चक्क बाहेर काढलं हो. चावला नाही, पळाला नाही, नुसता आवाज. एवढ्यासाठी बाद? त्या बिचाऱ्याचं तोंड अजून डोळ्यासमोर आहे.

उत्तर: काकू, तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे, पण जजचं बरोबर होतं. तुम्ही जे कंटाळवाणं बसणं बघत होतात ना, अर्धी परीक्षा तीच. खऱ्या शिकारीच्या दिवशी काय होतं बघा, बंदूकवाले एका ओळीत उभे, समोरच्या रानातून हाकारे पक्षी उठवत आणतायत, आणि रिट्रीव्हर, म्हणजे पडलेला पक्षी आणून देणारा कुत्रा, बाजूला बसलेला. त्याच्या डोळ्यासमोर पाच पडतील, दहा पडतील, एखादा तर नाकापासून हातभर अंतरावर पडेल, तरी त्याला सोडल्याशिवाय हलायचं नाही. हलला तर त्याला म्हणतात रनिंग इन, आणि तिथेच खेळ खल्लास. आणि कुईं केलं तर समोरच्या झुडपात दबून बसलेले पक्षी सावध होतात, शेजारचा कुत्रा तापतो, मग त्याच्या शेजारचा. शिवाय जाणकार मंडळींचं म्हणणं असं की ही सवय रक्तातून पुढच्या पिढीत उतरते आणि एकदा लागली की जवळजवळ जात नाही, आणि या टेस्टांमधल्या निकालांवर पुढे कोणाची पिल्लं घ्यायची ते ठरतं, म्हणून तिथे दयामाया नाही. ब्रिटनच्या केनेल क्लबच्या (1873 सालचा, आता नावामागे रॉयल लागलंय) नियमांत कुत्रा थेट बाद होण्याच्या कारणांमध्ये हे आवाज करणं येतं. बाकीची कारणं म्हणजे न सांगता पळणं, ताबा सुटणं, पाण्यात जायला नकार देणं आणि हार्ड माउथ, म्हणजे आणलेली वस्तू दातांनी चिरडणं.

मार्क साधारण प्रत्येक कामाला 20 पैकी असतात. मार्क्ड रिट्रीव्हमध्ये कुत्र्याने डमी पडताना पाहिलेली असते, त्याने जागा लक्षात ठेवून सरळ जायचं आणि आणून हातात द्यायची, पायाशी टाकून चालत नाही. ब्लाइंडमध्ये त्याला काहीच दिसलेलं नसतं, कुठे ते फक्त मालकाला माहीत, मग शिट्टी आणि हाताच्या खुणांवर त्याला डावीकडे, उजवीकडे, अजून मागे असं न्यायचं. मेमरीमध्ये डमी टाकलेली बघायची, मग पाठ फिरवून चालत लांब जायचं आणि थोड्या वेळाने परत फिरून आणायची. कुत्रा सुरेख गेला, पण मालकाने चार शिट्ट्या जास्त मारल्या तर मार्क गेले. कमी बोलणारा मालक जिंकतो. (आपल्याकडे हे जरा अवघडच आहे.)

आणि एक सांगू, तो कुत्रा कुईं करणार हे आधी दिसतं. उघडं तोंड एकदम मिटतं, कान पुढे येतात, आणि बसल्या जागी पुढचे दोन पंजे आळीपाळीने उचलायला लागतो. अनुभवी मालक तेवढ्यात हळूच हात लावतो किंवा सरळ दोन पावलं मागे नेतो. आपण घरी नेमकं उलटं शिकवतो. खुंटीवरचा पट्टा काढला की आपला लॅब कुईं करतो, आपण म्हणतो "अगं बाई किती घाई", आणि दार उघडतो. तो शिकला, की कुईं केलं की दार उघडतं.

प्रश्न: नमस्कार. औंधला राहतो. आमच्याकडे कॉकर स्पॅनियल, 3 वर्षांचा. शेजाऱ्यांचा लॅब बॉल टाकला की सरळ जातो, सरळ आणतो. आमचा दहा ठिकाणी नाक खुपसत, नागमोडी फिरत, झुडपात शिरून कान भरून काटे घेऊन येतो, बॉल विसरलेला असतो. सोसायटीत सगळे म्हणतात लॅब हुशार आणि कॉकर येडा. टेस्टमध्ये कुत्र्यांचे वेगवेगळे ग्रुप करतात म्हणे, तो काय प्रकार?

उत्तर: तुमच्या सोसायटीला माझा निरोप द्या, की तुमचा कॉकर त्याचं काम अगदी चोख करतोय. ज्या कामासाठी त्याला शेकडो वर्षं पैदास केलं तेच तो करतोय आणि तुम्ही त्याला लॅबच्या पेपरात बसवताय.

म्हणूनच ग्रुप असतात. ब्रिटनमध्ये चार आहेत. पहिला रिट्रीव्हर, यात लॅब, गोल्डन, फ्लॅटकोट वगैरे. त्यांनी शांत बसायचं, बघायचं, आणि सांगितल्यावर आणायचं. त्यांनी स्वतः पक्षी शोधून उठवणं हे मुळात कामच नाही. दुसरा स्पॅनियल, कॉकर आणि स्प्रिंगर. यांनी मालकाच्या पुढे पुढे, बंदुकीच्या टप्प्यात म्हणजे साधारण 15-20 मीटरच्या आत डावी-उजवी पट्टी मारत जायचं, एकही झुडूप न सोडता, काटे बघायचे नाहीत, पक्षी उठला की मात्र जागच्या जागी खाली बसायचं. ते बसणं बघण्यासारखं असतं, फुल स्पीडमध्ये असलेला कॉकर, शेपटीचं नुसतं कंपन चाललंय, आणि पक्षी उडाला की ढुंगण धप्पकन जमिनीला. मग सांगितलं तर आणायचं. तिसरा पॉइंटर आणि सेटर. यांचं काम मोकळ्या माळरानावर, वाऱ्याच्या तोंडाला लांबलांब धावायचं आणि वास लागला की पुतळा होऊन उभं राहायचं, त्यांना तिथे आणायला लावतच नाहीत. जोडीने पळवतात, आणि एकाने पॉइंट दिला की दुसऱ्याने त्याला मान देऊन लांबूनच थांबायचं, हेसुद्धा बघतात. चौथा ग्रुप युरोपातल्या ऑलराउंडरांचा, त्याला एचपीआर म्हणतात, शोधा, दाखवा, आणा, तिन्ही एकाच कुत्र्याने. जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर, वायमरानर, हंगेरीचा विझ्ला हे त्यातले.

आता बघा, पट्टी मारताना वाऱ्याचा वापर कसा केला, जमीन किती छान विंचरली याला स्पॅनियलला मार्क. तेच लॅबने सांगितल्याशिवाय केलं तर मार्क कापतात. एकाचा गुण तो दुसऱ्याचा दोष. म्हणून एकाच दिवशी एकाच मैदानावर टेस्ट असली तरी कामं वेगळी, जज वेगळे आणि बक्षिसंही वेगळी असतात. परत प्रत्येक ग्रुपात पपी, नॉव्हिस, ओपन असे क्लास, म्हणजे नवशिक्याला चॅम्पियनसमोर उभं करत नाहीत.

तुम्ही आता काय करा, बॉल बंद. वाऱ्याकडे तोंड करून चाला (चिमूटभर माती उडवली की वारा कळतो), तुम्ही स्वतः नागमोडी चाला, वळताना दोन छोट्या शिट्ट्या, आणि मधल्या झुडपात आधीच एक छोटी डमी लपवून ठेवा. त्याला सापडू दे. त्याला कळलं पाहिजे की मजा तुमच्या आसपास 15 मीटरमध्येच आहे, लांब गेलं की काही मिळत नाही. आणि घरी आल्यावर कान बघत चला, पावसाळ्यानंतर आपल्या टेकड्यांवरची कुसळं कॉकरच्या कानात आणि पंज्यांच्या बेचक्यात शिरली की आत आत जातात, मग डॉक्टरकडे जाऊन काढावी लागतात.

प्रश्न: शिट्टी कुठली घ्यायची? (वाकड)

उत्तर: वाटाणा नसलेली प्लॅस्टिकची. ब्रिटनमध्ये अॅक्मे कंपनीच्या चालतात, साधारण स्पॅनियलवाले 210½ नंबरची आणि रिट्रीव्हरवाले 211½. नंबर म्हणजे सूर. फायदा हा की हरवली तर त्याच नंबरची आणा, कुत्र्याला फरक कळत नाही. एक लांब फुंक म्हणजे थांब आणि बस, बारीक बारीक बऱ्याच फुंका म्हणजे ये. एवढंच बघा की तिचा सूर तुमच्या वॉचमनच्या शिट्टीसारखा नको. आपल्याकडे प्रत्येक सोसायटीत गाडी रिव्हर्स घेताना वॉचमन फुर्र फुर्र करतो, एक पिल्लू माझ्या माहितीत आहे ते प्रत्येक पार्किंगला पळत जाऊन बसायचं.

प्रश्न: सिंहगड रोड. गोल्डन, 2 वर्षांची, नाव रमा. डमी आणते पण देत नाही. पाच फुटांवर थांबते, शेपटी हलवते आणि पकडायला गेलं की पळते. चपलांचंही तेच. ओरडून झालं, बिस्किट दाखवून झालं. सासूबाई म्हणतात हिला कसली स्पर्धा, हिला आधी चप्पल द्यायला शिकवा.

उत्तर: सासूबाईंचं ऐका, सुरुवात तिथूनच आहे.

रमाने तुम्हाला पकडापकडी शिकवलीय आणि तुम्ही छान शिकलाय. आजपासून तिच्या मागे एकही पाऊल टाकायचं नाही. ती पाच फुटांवर थांबली की तुम्ही पाठ करून उलट्या दिशेने चालू लागा, जमलं तर उकिडवे बसा, तिच्याकडे बघू नका. येईल. आली की लगेच डमीला हात घालायचा नाही, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. मान-छातीवर खाजवा, कौतुक करा, डमी तोंडातच राहू दे. पंधरा-वीस सेकंदांनी हनुवटीखाली हात धरून "दे". आणि हे सगळं लांबलचक पॅसेजमध्ये करा, दोन्हीकडे भिंत, मागे बंद दार, पळायला जागाच नाही, मैदानावर नंतर. बिस्किट मात्र नको, बिस्किट दिसलं की कुत्रा डमी लांबूनच थुंकतो आणि टेस्टमध्ये ती हातात द्यावी लागते. दोरीची ओढाओढी बंद करा, त्याने चावून धरायची सवय लागते. चप्पल आणली तर ओरडू नका, तेवढ्याच प्रेमाने घ्या, आणि मग चपला कपाटात ठेवा.

दुसरं म्हणजे प्रत्येक वेळी तिला आणायला पाठवू नका. दहा डमी टाकल्या तर सात तुम्ही स्वतः चालत जाऊन उचलून आणा, ती बसून बघेल. सुरुवातीला तिला राग येईल, मग ती वाट बघायला शिकेल. गोल्डनचं रक्त त्यासाठीच आहे, 1868 मध्ये स्कॉटलंडमध्ये लॉर्ड ट्वीडमाउथने पिवळा रिट्रीव्हर नूस आणि ट्वीड वॉटर स्पॅनियल जातीची बेल यांची जोडी लावली तिथून ही जात सुरू झाली, डोंगराळ भागात पाण्यातून, झुडपातून पक्षी आणायला. सोफ्यावर लोळणं हे नंतर आलं.

डमी विकत घ्यायची गरज नाही. जुन्या जीन्सचा पाय कापा, आत लाकडाचा भुसा ठासून भरा, दोन्ही टोकं शिवा, एका टोकाला दोरी आणि दोरीला गाठ. किचनच्या काट्यावर 450 ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजे, पिल्लासाठी त्याच्या निम्मी. वजन दोन्ही बाजूंना सारखं हवं म्हणजे कुत्रा मधोमध धरतो. आणि भडक नारिंगी कापड घेऊ नका, ते आपल्याला दिसतं, कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्यामुळे गवतात ती डमी त्याच्यासाठी गायबच. डमी पडताना दिसावी असं वाटत असेल तर तिला पांढरी पट्टी शिवा.

प्रश्न: आमचा लॅब दिवाळीत पलंगाखालून तीन दिवस बाहेर येत नाही. टेस्टमध्ये बंदुकीचा बार काढतात म्हणे. मग आमचं कसं? (कसबा पेठ)

उत्तर: कसब्यात राहून तो गणपतीत ढोल-ताशा सहन करतो का ते कळवलं असतंत तर बरं झालं असतं. बऱ्याच कुत्र्यांना घुमणारा आवाज चालतो, अचानक फुटणारा चालत नाही.

टेस्टमध्ये खोटं काडतूस किंवा डमी उडवायचं लाँचर वापरतात, त्यामुळे आवाज असतोच. सवय लावायची ती लांबून. एकाने 100 मीटरवर जाऊन लाकडाच्या दोन फळ्या एकमेकींवर आपटायच्या, तुम्ही इकडे जेवणाची ताटली ठेवायची. शेपटी खाली गेली नाही तर पुढच्या आठवड्यात थोडं जवळ. शेपटी गेली तर मागे. घाई केली की सगळं पाण्यात. आणि जो कुत्रा तीन दिवस पलंगाखाली असतो त्याची ही नुसती ट्रेनिंगची गोष्ट राहिलेली नाही, दिवाळीच्या महिनाभर आधी तुमच्या व्हेटशी बोला, आता त्यावर चांगली औषधं आहेत. टेस्ट नाही दिली तरी चालेल हो, आवाज नसलेले वासाचे खेळ घरातसुद्धा खेळता येतात.

प्रश्न: शिकारीला बंदी असलेल्या देशात शिकारीच्या कुत्र्यांचं ट्रेनिंग छापताय, लाज वाटत नाही? (सहकारनगर)

उत्तर: नाही वाटत, कारण वर्किंग टेस्टमध्ये काही मारतच नाहीत. पण तुमचा मुद्दा एका बाबतीत मला मान्य आहे आणि तो सगळ्यांनीच वाचा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही, पकडणं, हाकणं, कुत्रा मागे सोडून पळवणं हे सगळं त्यात येतं. तळजाईवर किंवा वेताळ टेकडीवर "जरा पळू दे की" म्हणून मोकळा सोडलेला लॅब मोरामागे धावतो ना, ते गोड नाही. पाषाण तलावाच्या काठालाही तेच, तिथे पाणपक्ष्यांची घरटी असतात. वनखात्याचा बोर्ड वाचा, पुणेरी पाटीइतका तिखट नसतो पण त्याच्यामागे दंड असतो. खरं तर स्टेडिनेस, म्हणजे सोडल्याशिवाय न हलणं, शिकवलेला कुत्राच मोर समोरून गेला तरी बसून राहतो, त्यामुळे हे ट्रेनिंग मोरांच्या फायद्याचंच आहे.

प्रश्न: माझ्याकडे बीगल आहे (हडपसर) / माझ्याकडे कारवानी आहे, लातूरहून आणलेला (चाकण). चालेल का?

उत्तर: दोघांना एकच उत्तर, गनडॉग म्हणून नाही. बीगल जमिनीवरचा माग काढत जाणारा हाउंड, त्याला हाका मारणं म्हणजे बेल गेलेल्या फोनवर बोलणं. कारवानी डोळ्याने बघून पळणारा, आपल्या मराठवाड्याचा दागिना, पण वस्तू आणून हातात देणं ही त्याला कमीपणाची गोष्ट वाटते. घरी करून बघायला काहीच हरकत नाही, बसून वाट बघणं कोणत्याही कुत्र्याला शिकवता येतं, रस्त्यावरून आणलेल्यालासुद्धा, आणि ते भराभर शिकतात.

प्रश्न: पुण्यात हे सगळं कुठे आणि कधी करायचं? माझा लॅब 41 किलोचा आहे, 4 वर्षांचा. (नांदेड सिटी)

उत्तर: कधी ते आधी. ब्रिटनमध्ये तितरासारख्या फेझंट पक्ष्याचा शिकारीचा सीझन 1 ऑक्टोबर ते 1 फेब्रुवारी, म्हणून टेस्ट बहुतेक वसंतात आणि उन्हाळ्यात घेतात, कुत्री मोकळी असतात तेव्हा. आपण ते कॅलेंडर उचललं तर कुत्रं मरेल. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी उजाडल्यापासून आठपर्यंत. एप्रिल-मेमध्ये पारा 38-40 ला जातो तेव्हा घरातल्या घरात बसण्याचा सराव करा. हाताची पालथी बाजू डांबरावर ठेवा, तुम्हाला ठेववत नसेल तर त्याचे पंजेही भाजणार. कुत्र्याचं अंगच मुळात 38-39 डिग्री असतं, 41 च्या वर गेलं की जिवावर बेततं. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबतेय, हिरड्या लालभडक, चालताना झोकांडी, की काम बंद, सावली, अंगावर साधं गार पाणी आणि गाडीत घालून थेट डॉक्टर. काही लॅबमध्ये जोरात पळाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत मागचे पाय लुळे पडण्याचा एक आनुवंशिक आजारही असतो, तसं एकदा जरी दिसलं तरी तपासून घ्या.

कुठे, तर ओळखीच्या माणसाचं कापणी झालेलं शेत सगळ्यात उत्तम, मुळशीकडे किंवा सासवड रोडला कोणी ना कोणी असतंच. शेतमालकाला विचारून जा, आणि आसपास शेरडं-मेंढरं नाहीत ते बघा. सोसायटीच्या ग्राउंडवर भटकी कुत्री मध्ये येतात आणि तुमच्या कुत्र्याचं लक्ष उडतं. पाण्याचा सराव मुळा-मुठेत अजिबात नको, ते पाणी कोणी प्यावं असं राहिलेलं नाही. खडकवासल्याला काठ खचतो आणि गाळ असतो. उथळ शेततळं बरं, पण प्लॅस्टिक अंथरलेलं नको, त्यावरून कुत्र्याला वर चढता येत नाही. घरी आलं की गोचीड तपासा, कानाच्या आत आणि शेपटीखाली आधी.

आता 41 किलो. बहुतेक लॅब नर 30 ते 36 किलोत बसतात, तेव्हा तुमचा घरातल्या सगळ्यांच्या हातून पोळी खातोय हे मी इथे बसून सांगते. त्याचाही पूर्ण दोष नाही, 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना सुमारे पाव लॅबमध्ये एका जीनमध्ये असा बिघाड सापडला की पोट भरलं हे त्यांना नीट कळतच नाही. पण त्याला जीनमुळे कळत नसलं तरी तुम्हाला कळतं ना. आधी तीन महिने वजन, फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत. तोवर फक्त बसणं, शिट्टीवर येणं, आणि चालत चालत छोट्या अंतराच्या डमी. उड्या नाहीत.

प्रश्न: आमची लॅब 11 महिन्यांची आहे, मुलगा नववीत आहे आणि तोच ट्रेन करतो. कधी कुठे मैत्रीपूर्ण टेस्ट झाली तर नेताना काय लक्षात ठेवू? (धनकवडी)

उत्तर: मुलाला शाबासकी द्या. ती पपी क्लासमध्ये बसेल, ब्रिटिश नियमांत 18 महिन्यांखालची पिल्लं त्यात येतात. रेबीजसह लशींचं पुस्तक आणि महापालिकेचं लायसन्स बरोबर ठेवा. काम करताना गळ्यात पट्टा नसतो, झुडपात अडकतो म्हणून, तेव्हा एका झटक्यात काढता येणारी स्लिप लीड घ्या. पाणी घरचं न्या. मुलाला आधीच सांगून ठेवा की ती चुकली तर रागावायचं नाही, मारलं किंवा झटका दिला तर जज दोघांनाही बाहेर काढतो. आणि या वयात ती पहिल्यांदा हीटवर येऊ शकते किंवा आली असेल, हीटवर असेल त्या दिवशी मैदानाच्या फाटकापर्यंतसुद्धा नेऊ नका, बाकीच्या सगळ्या नरांचा पेपर फुटेल.

पुढच्या अंकासाठी प्रश्न 10 तारखेपर्यंत पाठवा, कुत्र्याचं वय आणि वजन लिहायला विसरू नका, आणि वजन खरं लिहा.